गोष्टीचा तास आणि दाखल नोंदवही

सार्वजनिक ग्रंथालयात तीन ते आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी पुस्तके निवडणारी, ती त्यांच्या हाताला लागतील अशा उंचीवर मांडणारी, आठवड्यातून ठरलेल्या वेळी त्यांना वाचून दाखवणारी आणि अखेरीस प्रत्येक मुलाला त्याने स्वतः निवडलेले पुस्तक घरी नेऊ देणारी व्यक्ती म्हणजे बालग्रंथपाल. हा स्वतंत्र व्यवसाय मानून त्याचे प्रशिक्षण देण्यास अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरुवात झाली. पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयाने बालग्रंथपालांसाठी १९०१ मध्ये प्रशिक्षण शाळा उघडली, तर न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग १९०६ पासून ॲन कॅरोल मूर यांच्याकडे होता. भारतात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण केले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रिया व मुले यांचा वेगळा विचार झाला. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांत मात्र हे काम जेथे होते तेथे ते पदाविना होते; ते करणाऱ्या व्यक्तीच्या नेमणूकपत्रावर ग्रंथपाल, निर्गम सहायक किंवा लिपिक असे काहीतरी लिहिलेले असते आणि मुलांना गोष्ट वाचून दाखवणे हा त्या पदाच्या कर्तव्यांत न मोडणारा भाग असतो.

वऱ्हाडाला या कामाची पूर्वपीठिका नाही, असे म्हणता येत नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी लीळाचरित्राची रचना केली ती येथे. शेणाचे घर आणि मेणाचे घर यांची जी गोष्ट आज कावळा-चिमणीची म्हणून बहुतेक मराठी मुलांच्या कानी सर्वांत आधी पडते, तिचे जुने रूप या ग्रंथात स्वामींच्या तोंडी आलेले आहे. मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथात लहानांची गोष्ट लिहून ठेवण्याजोगी वाटली, ही बाब या प्रदेशातील प्रत्येक बालविभागाच्या भिंतीवर लिहावी इतकी मोलाची आहे. पुढे बालशिक्षणात अग्रणी ठरलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत राहिल्या. मात्र त्यांचे कार्य भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत आणि नंतर दादर, बोर्डी व कोसबाड येथे उभे राहिले, वऱ्हाडात नाही. अमरावतीचे नगर वाचनालय आणि अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय यांची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत, पण त्या काळातील वाचनालयांचा वाचक होता तो वृत्तपत्र वाचणारा प्रौढ पुरुष. मूल ग्रंथालयात आले ते फार उशिरा, आणि बहुतेकदा वडिलांचे बोट धरून.

आजची चौकट महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ या कायद्याने घालून दिलेली आहे. गावोगावच्या संस्थांनी ग्रंथालय चालवावे, ग्रंथालय संचालनालयाने त्यास मान्यता द्यावी आणि शासनाने परिरक्षण अनुदान, म्हणजे दैनंदिन चालवणुकीसाठीचे वार्षिक साहाय्य द्यावे, अशी ही रचना आहे. ग्रंथसंख्या, सभासद, वृत्तपत्रे-नियतकालिके, उघडे राहण्याचे तास आणि सेवकवर्ग यांवरून ग्रंथालयाचा ‘अ’, ‘ब’, ‘क’ किंवा ‘ड’ हा वर्ग ठरतो. वरच्या वर्गातील ग्रंथालयांत बालविभागाची अपेक्षा असते, शिवाय कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान बालविभागासाठी साहाय्य देते. त्यामुळे पुस्तके आणि कपाटे अनेक ठिकाणी आलेली आहेत. त्या कपाटाला जिवंत करणारी गोष्ट म्हणजे गोष्टीचा तास, आणि तो कसा चालतो हे बारकाईने पाहण्याजोगे आहे.

नावाप्रमाणे तो पूर्ण तासाचा नसतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाचन वीस मिनिटांपलीकडे गेले की सतरंजीवर हालचाल सुरू होते, आणि जाणती ग्रंथपाल त्या हालचालीला बेशिस्त न समजता वेळ संपल्याची खूण समजते. बसण्याची रचना अर्धवर्तुळाकार असते आणि खिडकी मुलांच्या पाठीशी ठेवली जाते, कारण उजेड वाचणाऱ्याच्या मागून आला तर चित्र काळवंडते आणि मुलांचे डोळे दिपतात. पुस्तक छातीसमोर न धरता खांद्याच्या बाजूला, पाने मुलांकडे करून धरले जाते. अंगठा खालच्या शिवणीवर, दुसरा हात पान उलटण्यासाठी मोकळा. मजकूर वाचणाऱ्याला तिरका दिसतो, म्हणून तो आदल्या दिवशी दोन-तीनदा मोठ्याने वाचून जवळजवळ पाठ केलेला असावा लागतो. आरंभी मुखपृष्ठ दाखवून लेखक व चित्रकार अशी दोघांचीही नावे सांगितली जातात, कारण चित्रपुस्तकात, म्हणजे ज्या पुस्तकात अर्धी गोष्ट शब्दांत व अर्धी चित्रांत असते अशा पुस्तकात, चित्रकार हा सहलेखकच असतो.

खरे कौशल्य पान उलटण्यापूर्वीच्या थांबण्यात आहे. त्या क्षणी मुले चित्रातली अशी वस्तू शोधून काढतात जी प्रौढाच्या नजरेतून सुटलेली असते, आणि पुढे काय होणार याचा अंदाज आपापल्या बोलीत मांडतात. छापील मजकूर प्रमाण मराठीत असतो आणि लेकरांची उत्तरे ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ यांत येतात. चांगली ग्रंथपाल मजकूर जसा छापला आहे तसाच वाचते, गप्पा मात्र वऱ्हाडीत मारते, आणि कोणाचेही वाक्य सुधारत नाही. पुस्तकाची भाषा आणि घरची भाषा शेजारी शेजारी नांदू शकतात, हे मुलाला कोणी समजावून न सांगता कळते. शाळेच्या पहिल्या दोन वर्षांत बोलीमुळे गप्प होणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हे फार मोठे काम आहे. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारले जात नाही. तात्पर्य विचारले की पुढच्या वेळी मुले गोष्ट सोडून उत्तर शोधू लागतात, आणि तेथे ग्रंथालय संपून शाळा सुरू होते. त्यानंतर एखादे गाणे, थोडे कागदकाम, आणि शेवटी देवघेव, ज्यात मूल आपल्या कार्डावर जमेल तसे स्वतःचे नाव लिहिते. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके किंवा मुंबई-पुण्याच्या प्रकाशकांनी गेल्या काही दशकांत काढलेली दर्जेदार बालपुस्तके या तासाला बळ देतात. वर्षाच्या चक्रात तान्हा पोळा, भुलाबाईची गाणी आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आपसूक येऊन बसतात.

या सर्व कामाच्या वाटेत एक साधे, जुने आणि चिवट साधन उभे असते, ते म्हणजे दाखल नोंदवही. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला तीत क्रमांक मिळतो. तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, देयक क्रमांक आणि अखेरीस शेरा असे रकाने एका ओळीत भरले जातात आणि तो क्रमांक पुस्तकावर लिहिला जातो. ही वही ग्रंथालयाच्या मालमत्तेचा मूळ पुरावा आहे, आणि लोकांच्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेला तिच्याशिवाय गत्यंतर नाही. तपासणीच्या वेळी वहीतील ओळ आणि फडताळावरील प्रत यांचा मेळ बसावा लागतो, आणि न बसल्यास उत्तर ग्रंथपालाला द्यावे लागते. आता ज्या प्रतीला चार वर्षांची मुले हाताळतात ती प्रत वर्षभरात खिळखिळी होते. चोवीस पानांचे पुस्तक मध्ये दोन तारांनी टाचलेले असते, सर्वांत आधी मधले पान सुटते, मग मुखपृष्ठ. जी प्रत सर्वाधिक वाचली गेली तीच वहीच्या दृष्टीने सर्वांत मोठा तोटा ठरते, तर कपाटात कोरी राहिलेली प्रत निर्दोष मालमत्ता ठरते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र असे की ग्रंथ वापरासाठी असतात. बालविभागाच्या कपाटाला कुलूप दिसते तेव्हा त्यामागे या सूत्राचा विसर नसतो, असते ती वहीची भीती.

वहीतच या भीतीवर उतारा आहे. शेरा या रकान्यात निर्लेखनाची, म्हणजे निरुपयोगी झालेली प्रत रीतसर बाद केल्याची नोंद करता येते, आणि कार्यकारी मंडळाने ठरावाने तशी मुभा दिली तर कुलूप निघू शकते. तोवर दुरुस्ती हा मधला मार्ग. प्लॅस्टिकची चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते, म्हणून जाणकार ग्रंथपाल फाटलेल्या पानावर खळीने पातळ पतंगी कागद लावते. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. पण मोरचूद विषारी आणि लहान मुले पुस्तक तोंडात घालणारी, त्यामुळे बालविभागासाठी खळ मोरचुदाविना, थोडी थोडी आणि ताजी शिजवावी लागते. ही गोष्ट शिकवण्यास कोणी नसते. ती काम करता करता उमगते, आणि अशा उमगलेल्या कित्येक गोष्टी त्या व्यक्तीबरोबर निवृत्त होतात.

अडचणींचा विचार येथून सुरू होतो, आणि त्यात पहिली अडचण उपजीविकेची आहे. २०२२ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने परिरक्षण अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली, तेव्हा ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपयांवरून ४८,००० रुपयांवर गेले. अनुदानाचा निम्मा भाग वेतनावर आणि निम्मा वेतनेतर खर्चावर करावयाचा असल्याने त्या वाढीनंतरही गावच्या ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला २,००० रुपयेच येऊ लागले. शेतमजुरीहूनही तुटपुंज्या या रकमेत तीन तास ग्रंथालय उघडे ठेवणे, नोंदी लिहिणे, झाडलोट करणे आणि त्याउपर लेकरांना गोळा करून वाचून दाखवणे, ही अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थेने स्वतःच्या मनाला विचारून पाहावे. प्रशिक्षणाचीही तीच स्थिती आहे. वर्गीकरण, तालिकीकरण आणि व्यवस्थापन हे ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमांचे कणे आहेत. मुलासमोर पुस्तक कसे धरावे हे शिकण्यासाठी गोव्यातील बुकवर्म किंवा टाटा ट्रस्ट्सच्या पराग उपक्रमासारख्या संस्थांकडे पाहावे लागते, आणि तेथवर पोहोचणे दर्यापूर किंवा बार्शीटाकळीच्या ग्रंथपालाला सोपे नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय अनिवार्य केले, परंतु जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पद नाही.

ऋतूची अडचण केवळ या प्रदेशाची आहे. बालविभागाचा खरा हंगाम उन्हाळ्याची सुटी, आणि विदर्भातील शाळा उष्म्यामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडत असल्याने ती सुटी लांबही असते. पण मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी मूल बोलावणे धोक्याचे ठरते, म्हणून जे काही करावयाचे ते सकाळी साडेनऊच्या आत.

त्याहून खोल अडचण मेळघाटातील आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील असंख्य मुले घरी कोरकू बोलतात, आणि कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असल्याने मराठीशी तिचे नाते वऱ्हाडीसारखे जवळचे नाही. येथे प्रमाण मराठीतील चित्रपुस्तक वाचून वऱ्हाडीत गप्पा मारणे पुरत नाही. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या मुक्त संग्रहात कोरकू चित्रपुस्तकेही आली आहेत आणि ती विनामूल्य छापून घेता येतात. ती वाचणारा कोरकूभाषक माणूस मात्र तेथल्याच पाड्यातून घडवावा लागेल, आणि त्याला मानधन द्यावे लागेल.

या दोन जिल्ह्यांत इमारती आहेत, अनुदानाची चौकट आहे, पुस्तकेही आहेत; नाही ते पद. शासनाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेत, बालग्रंथपाल हा शब्द येईल तेव्हा येईल, परंतु तोवर प्रत्येक संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरतच असते आणि सभासदांना तेथे बोलण्याचा हक्क आहे. अमरावती-अकोल्यातील वाचकांनी आपल्या वाचनालयाच्या येत्या सभेत एवढी मागणी करावी, की अंदाजपत्रकात गोष्टीच्या तासाच्या मानधनासाठी वेगळी ओळ असावी, शनिवारची सकाळ मुलांसाठी राखून ठेवावी आणि बालविभागातील झिजलेल्या प्रतींच्या निर्लेखनाचा ठराव त्याच सभेत मंजूर व्हावा.