शेजार आणि सीमा (लेखांक ५) : करार कोणाशी करायचा?

गेल्या आठवड्यात आपण नेपाळशी १९५० साली झालेला करार पाहिला. तिथे सीमा खुली आहे आणि वाद झाला तर बोलायला काठमांडूत सरकार आहे. म्यानमारच्या बाबतीत नेमके हेच उरलेले नाही.

ही सीमा १,६४३ किलोमीटरची. अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम ही आपली चार राज्ये तिला लागून आहेत. इंग्रजांच्या काळात आखलेली ही रेषा नागा, कुकी, मिझो आणि चिन लोकांच्या शेतांतून, सोयरिकींतून गेली. नागालँडच्या लोंगवा गावात तर गावप्रमुखाचे घरच दोन देशांत आहे. म्हणूनच सीमेलगतच्या लोकांना व्हिसाशिवाय ये-जा करायची मुभा होती. आधी ती चाळीस मैलांपर्यंत होती, २००४ पासून सोळा किलोमीटरवर आली. मे २०१८ मध्ये परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज म्यानमारला गेल्या, तेव्हा सीमा ओलांडण्यासंबंधीच्या करारावर दोन्ही सरकारांच्या सह्या झाल्या.

फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि या कराराचा पायाच खचला. चिन प्रांतातून हजारो माणसे तियाऊ नदी ओलांडून मिझोराममध्ये आली. केंद्राने सीमावर्ती राज्यांना त्यांना रोखायला सांगितले. मिझोरामने ऐकले नाही, कारण येणारे त्यांचेच आप्त होते. निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि आपल्याकडे तसा कायदाही नाही. त्यामुळे या माणसांच्या जेवणाखाण्याची आणि निवाऱ्याची सोय बरीचशी चर्च, गावकरी आणि यंग मिझो असोसिएशन यांनीच लावली. या लोकांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पलीकडचे रिखावदार ठाणे चिन बंडखोरांनी जिंकले. तेव्हा म्यानमारचे सैनिकच जीव वाचवायला मिझोराममध्ये पळून आले आणि भारताने त्यांना परत पाठवले. ज्या सरकारचे सैनिक स्वतःची सीमा राखू शकत नाहीत, ते तिथल्या ये-जा करणाऱ्यांची हमी कशी देणार?

फेब्रुवारी २०२४ मध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी मुक्त संचाराची ही व्यवस्थाच रद्द करण्याचे जाहीर केले. मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी त्याविरुद्ध ठराव केले. ती व्यवस्था पुरती रद्द झाली नाही, पण वर्षअखेरीस सोळा किलोमीटरचे दहा झाले आणि पासाचे नियम कडक झाले. अमली पदार्थ आणि शस्त्रे सीमेवरून येतात, ही मणिपूरची चिंता खरी आहे आणि तपासणी हवीच. पण कुंपण घालणे म्हणजे वाटाघाटी नव्हेत.

म्यानमारची राजधानी नेप्यिदॉशी औपचारिक संबंध ठेवावेत. त्याच वेळी पलीकडच्या तीरावर ज्यांचा ताबा आहे त्यांच्याशी दिल्लीने उघडपणे बोलावे, आणि त्या बोलण्यात ऐझॉल व कोहिमा यांना खुर्ची द्यावी. या दोन राजधान्यांना वगळून झालेला कोणताही करार तियाऊच्या काठावर टिकणार नाही.