कायोंझाची गोल शाळा

रवांडाची राजधानी किगालीहून टांझानियाच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कायोंझा लागतं. तिथल्या एका उतारावर लाल विटांच्या गोल खोल्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. भिंतींतल्या विटा मुद्दाम फटी ठेवून रचल्यात. वारा आत खेळतो, उजेड येतो, पण रस्त्यावरच्या माणसाला आत कोण बसलंय ते चटकन दिसत नाही. आत बायका शिकत असतात. शेती, हिशेब, आरोग्य आणि कायदा. 'विमेन्स ऑपॉर्च्युनिटी सेंटर' या नावाची ही शाळा २०१३ मध्ये सुरू झाली.

आराखडा अमेरिकन वास्तुविशारद शॅरन डेव्हिस यांचा. न्यान्झा इथल्या जुन्या राजवाड्यातली विणलेली गोल घरं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. विटा मात्र गावच्या बायकांनी पाडल्या. जागेवरचीच माती त्यांनी मळली, साच्यात दाबली, वाळवली आणि भाजली. सुमारे साडेचार लाख विटा झाल्या. वर्ग भरण्याआधीच त्यांतल्या अनेकींच्या हाती मजुरी आणि एक नवं कसब आलं होतं. इमारतीच्या देखणेपणावर वास्तुकलेच्या नियतकालिकांनी भरभरून लिहिलं. मला तिची ही बाजू अधिक मोलाची वाटते.

शाळेमागची संस्था 'विमेन फॉर विमेन इंटरनॅशनल'. इराकमध्ये जन्मलेल्या झैनब सालबी यांनी बोस्नियाच्या युद्धात अत्याचार सोसलेल्या बायकांसाठी १९९३ मध्ये अमेरिकेत ती सुरू केली. परदेशातली एक बाई युद्धग्रस्त भागातल्या एका बाईसाठी दरमहा पैसे पाठवते आणि दोघी एकमेकींना पत्रं लिहितात, अशी तिची मूळ रीत. रवांडात ती आली तेव्हा देश जेमतेम श्वास घेऊ लागला होता.

१९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत तिथे अंदाजे आठ लाख माणसं मारली गेली. त्यांत बहुतांश तुत्सी समाजाचे होते, आणि मारेकरी बहुतांशी हुतू समाजाचे. आकार म्हणाल, तर पुणे आणि सोलापूर जिल्हे मिळून होईल त्याहून लहान हा देश. कुणाचा नवरा मारला गेला, कुणाचा मारेकरी म्हणून तुरुंगात गेला, कुणाचा सरहद्दीपार पळाला. असंख्य बायकांवर बलात्कार झाले, आणि त्यांतून एचआयव्हीची लागण झालेल्या अनेकींना पुढे त्या आजारासह जगावं लागलं. स्वतःची मुलं आणि मेलेल्या नातेवाइकांची मुलं एकाच चुलीवर जेवू लागली. लाखो घरांत कर्ती उरली ती बाई, आणि तिच्यापुढे होतं फक्त शेत.

ते शेतही तिचं नव्हतं. रवांडातली बाई पिढ्यानपिढ्या कुदळ चालवत आलेली. लग्न ठरताना वराकडून वधूच्या घरी कुदळ देण्याची तिथली जुनी प्रथा आहे. पण रूढीनुसार मुलीला बापाच्या जमिनीत वाटा नव्हता आणि विधवेचा आसरा दिरांच्या मर्जीवर होता. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये वारसाहक्काचा नवा कायदा आला आणि मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क मिळाला. पुढे २००९ पासून देशभर जमिनीची नोंदणी झाली. चारेक वर्षांत एक कोटीहून अधिक तुकडे मोजून कागदावर आले, आणि नोंदलेल्या विवाहात नवरा-बायको दोघांची नावं लागू लागली. कायोंझाच्या शाळेविषयी बोलताना हा कायदा वगळला, तर तिचं यश समजणारच नाही.

शाळेचा अभ्यासक्रम वर्षभराचा. पंचवीसेक बायकांचा एक गट, वर्ग ठरल्या दिवशी, आणि दरमहा दहाएक डॉलरचा भत्ता. या भत्त्याला कुणी खैरात म्हणेल. पण रोजंदारीवर जगणारी बाई वर्गात बसली की तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, हे गृहीत न धरता आखलेल्या प्रशिक्षणांत खुर्च्या रिकाम्याच राहतात. या पैशांतून बियाणं येतं, कोंबडी येते, मुलाची वही येते. थोडे बचत गटाच्या पेटीत पडतात.

खरी शाळा भरते ती प्रात्यक्षिकाच्या शेतात. रवांडात शेतकऱ्याकडे सरासरी दोन एकरही जमीन नसते, आणि तीही बहुतेक उतारावरची. पावसाचे हंगाम दोन. एक सप्टेंबरपासून, दुसरा फेब्रुवारी-मार्चपासून. पूर्वेचा हा भाग देशात त्यातल्या त्यात कोरडा. हंगाम उशिरा आला की मका करपतो. एवढ्याशा जमिनीत घेवडा, मका, ज्वारी, केळी, रताळी बसवायची तर प्रत्येक फुटाचा विचार करावा लागतो. म्हणून पहिला धडा मातीचा. उताराला आडवे बांध घालायचे, बांधावर गवत लावायचं, म्हणजे माती थांबते आणि गवत जनावराला होतं. केळीची पानं आणि पिकाचा पालापाचोळा जाळायचा नाही, आच्छादन म्हणून पसरायचा. बी मुठीने फेकायचं नाही, दोरी लावून अंतर राखून टोकायचं. शेणखत, राख आणि हिरवा पाला थरावर थर रचून खत कुजवायचं, ते कुजलं की नाही हे काठी खुपसून तिच्या उबेवरून ओळखायचं. केंद्रात गाईचं शेण बायोगॅसला, पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत, शौचालयातला मैलाही कुजून खत होतो. इमारतच धड्याचा भाग आहे.

घरामागे गोल, पायऱ्यापायऱ्यांचा उंच वाफा करून भाज्या लावायच्या, त्याला तिथे 'अकारिमा किगिकोनी' म्हणतात. सांडपाण्यावर तो वर्षभर हिरवा राहतो. २०१० च्या आरोग्य पाहणीत रवांडातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत ४४ मुलं खुरटलेली आढळली होती. अशा देशात माठासारखी पालेभाजी रोज ताटात येणं ही लहान गोष्ट नाही. सरकारनेही अशा वाफ्यांची मोहीम चालवली, आणि २००६ पासून 'गिरिंका' योजनेत गरीब घरांना एकेक गाय दिली. पहिली कालवड शेजारच्या गरजू घराला द्यायची, ही तिची अट.

शेतीपाठोपाठ येतो बाजार. किती पिकलं, घरी किती खाल्लं, किती विकलं, खर्च किती. ज्यांनी कधी पेन्सिल धरली नव्हती अशाही बायका या चार रकान्यांपर्यंत पोचतात. एकट्या बाईचे टोपलीभर टोमॅटो व्यापारी पडेल भावात उचलतो. दहा-वीस जणींनी माल एकत्र केला की तोच भाव विचारायला येतो. म्हणून वर्ग संपताना सहकारी गट बांधायचा. हमरस्त्यालगत माल विकायला जागा केंद्रातच आहे.

या वर्गांतली सगळ्यात अवघड गोष्ट कुठल्याही वेळापत्रकात लिहिलेली नाही. नवरा मारला गेलेली तुत्सी बाई आणि नवरा त्या हत्यांसाठी तुरुंगात असलेली हुतू बाई एकाच वाफ्यावर काम करतात. कुणी त्यांना मैत्री करा म्हणून सांगत नाही, आणि सांगूही नये. तण दोघींच्या रोपांना सारखंच मारतं; पाण्याची पाळी ठरवायला बोलावं लागतं. दुःख मिटतं असा दावा मी करणार नाही. पण त्याच गावात, त्याच वाटेवर जगायचं असताना निदान व्यवहाराची भाषा पुन्हा सुरू होते.

मर्यादाही आहेत. देणग्यांवर चालणारं वर्ष संपलं की भत्ता थांबतो, आणि पहिला दुष्काळ आला की साठवलेली पेटी रिकामी होते. त्याहून गंभीर अडचण कागदाची. १९९९ च्या कायद्याने पत्नीच्या हक्काला जे संरक्षण दिलं ते नोंदणी झालेल्या विवाहालाच. रूढीने संसार थाटलेल्या किंवा सवत म्हणून आलेल्या बायका बाहेर राहिल्या. अशी बाई शाळेत उत्तम खत करायला शिकते आणि ते दुसऱ्याच्या जमिनीत घालते.

हे वाचताना आपला सातबारा आठवल्याशिवाय राहत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं, आणि पुढे 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेतून नवऱ्यांनी जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करावा म्हणून गावोगाव हाक दिली. तरीही विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीला आजही वारस नोंदीसाठी तलाठ्याच्या आणि सासरच्या दारात उभं राहावं लागतं. आपल्याकडे महिला शेतकऱ्यांच्या शेतीशाळा भरतात, बचत गटांचं जाळं तर रवांडाला हेवा वाटेल असं आहे. त्या शेतीशाळा चालवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पहिल्या दिवशीच्या हजेरीपत्रकात नावासमोर आणखी एक रकाना आखा: जमीन कुणाच्या नावावर? जिथे उत्तर 'माझ्या नाही' असं येईल, तिथे बियाण्याच्या पाकिटासोबत वारस नोंदीचा अर्जही द्या, आणि तो भरून होईपर्यंत तिच्या शेजारी बसा.