जुन्या वाड्यांतील खचलेल्या माड्या आणि त्यांवरील दप्तरें

जुन्या कागदपत्रांच्या शोधार्थ जे गांवोगांव हिंडले आहेत त्यांस पुढील देखावा नवा नाहीं. वाड्याचे मालक आपणांस जिन्यानें माडीवर नेतात, खोलीच्या मध्यभागीं पाऊल पडतांच जमीन किंचित् लवते, कोपऱ्यांतील पेटी पुढें कललेली दिसते, आणि मालक सहज म्हणतात, "जरा भिंतीच्या कडेनें या." त्याच खोलींत तीन पिढ्यांचे रुमाल, पोथ्यांचे गठ्ठे व हिशेबाच्या वह्या रचून ठेविलेल्या असतात. पुढें माडी दुरुस्त करावयाची म्हणून हे रुमाल घाईनें खालीं काढिले जातात, अंगणांत पडतात, आणि सुतारकाम संपेपर्यंत त्यांतील किती रद्दीच्या वाटेस लागले याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. यास्तव हा विषय केवळ गवंडी-सुतारांचा आहे असें न मानतां संग्राहकांनींही तो समजून घेतला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम रचना पाहूं. देशावरील वाड्याचा भार बहुतांशीं लांकडी सांगाड्यावर असतो. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर तक्ते, आणि तक्त्यांवर मातीचा थर देऊन वर सारवण, असा हा क्रम आहे. खालून जो कडीपाट दिसतो तोच वरील माडीचा आधार होय. पुण्यांतील शनिवारवाड्याचें लांकडी काम १८२८ च्या आगींत जळालें आणि जोतें, तट व दरवाजे तेवढे उरले. यावरून अशा इमारतींचें वरील सर्व शरीर लांकडाचें कसें होतें हें ध्यानांत येईल. ज्यांस हा सांगाडा उभा पहावयाचा असेल त्यांनीं त्याच शहरांतील विश्रामबाग वाडा पहावा.

माडी खचण्याचीं कारणें मुख्यतः चार आहेत. (१) तुळई निरोगी असूनही दीर्घकाळच्या भारानें वांकणें. सागासारखें उत्तम लांकूडही सतत वजनाखालीं वर्षानुवर्षें थोडें थोडें लवत जातें, आणि वजन काढिलें तरी पूर्ववत् सरळ होत नाहीं. (२) भिंतींत गाडलेलें तुळईचें टोंक कुजणें. छपराच्या गळतीनें भिंत ओली राहिली कीं तें टोंक आंतल्या आंत सडतें किंवा त्यास वाळवी लागते. बाहेरून मात्र रंग जशाचा तसा दिसतो. (३) खांब किंवा तळखडा खालीं बसणें. मोरीचें पाणी जोत्यांत मुरणें हें याचें नेहमींचें कारण. (४) सांधा निसटणें, अथवा मागाहून कोणी तुळईस खाच पाडल्यामुळें ती दुबळी होणें.

यांतील कोणतें कारण आहे हें ठरविल्यावांचून हत्यार उचलूं नये. परीक्षेची साधनें साधीं आहेत. तुळईच्या दोन टोंकांमध्यें दोरी ताणून बांधावी म्हणजे मध्यें किती वांक आहे तो मोजतां येतो. ओळंब्यानें खांब व पाणसळीनें जमीन पहावी. तुळईचें टोंक भिंतीपाशीं दाभणानें टोंचावें. दाभण सहज आंत शिरल्यास लांकूड गेलें असें समजावें. भिंतीस चीर असल्यास तिच्यावर पातळ कागदाची पट्टी दोन्ही कडांस चिकटवून तींवर तारीख लिहावी. पावसाळा उलटल्यावरही पट्टी अखंड राहिली तर चीर बहुधा जुनी व थांबलेली होय. फाटली तर घर अजून हलत आहे.

आतां वजनाविषयीं. मांडणीच्या एक मीटर लांबीवर दाटीनें लाविलेले कागद साधारणतः ३० ते ५० किलो भरतात. भारतीय मानकांत (आय. एस. ८७५, भाग २, १९८७) राहत्या खोलीच्या जमिनीसाठीं दर चौरस मीटरास २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारें २०० किलो, भार धरावा असें आहे, ग्रंथांच्या मांडण्यांच्या खोलीसाठीं तोच आंकडा निदान ६ किलोन्यूटन आहे. म्हणजे निजावयाच्या माडीचें दप्तरखाना झाल्यास तिजवर तिप्पट भाराचा प्रसंग येऊं शकतो. दुसरा नियम असा कीं, मध्यावर तेंच वजन असतां तुळईची लांबी दुप्पट असली तर वांक आठपट होतो, आणि तिची उंची दुप्पट असली तर तो आठव्या हिश्शावर येतो. यावरून दोन गोष्टी निघतात. जड कपाट खोलीच्या मध्यावर नसावें, तुळईच्या आधाराजवळ असावें. आणि तें एकाच कडीच्या लांबीवर न ठेवितां अनेक कड्यांवर आडवें पडेल असें ठेवावें.

हा नियम आम्ही कांहीं फुकट शिकलों नाहीं. कृष्णाकांठच्या एका गांवीं एका घराण्याचे रुमाल वाळवीपासून वांचावे म्हणून लोखंडी कपाट घेण्याचा सल्ला आम्हींच मालकांस दिला, आणि भिंत ओली असल्यानें तें भिंतीपासून दूर ठेवण्यासही आम्हींच सांगितलें. कपाट खोलीच्या मध्यावर आलें. त्या माडीस पूर्वींच खोलगा पडला होता, व तो मागील पिढींत सिमेंटनें भरून वर शहाबादी फरशी घातलेली होती. कांहीं वर्षांनीं आम्ही पुन्हा गेलों तेव्हां खालच्या सोप्यांतील तुळई उभी चिरलेली आढळली. सुदैवानें माणूस व कागद दोन्ही वांचले. परंतु कागद वांचविण्याच्या आमच्या उपायानेंच घर धोक्यांत आलें होतें, हें कबूल केलें पाहिजे. कपाट भिंतीपासून वीतभर सोडून, पण आधाराजवळच ठेवावयाचें होतें, आणि त्याआधीं भिंतीची ओल काढावयाची होती.

खोलगा भरून जमीन सपाट करण्याची ही रीत सर्वत्र आढळते, म्हणून तिचा हिशेब देतों. पांच सेंटिमीटर जाड सिमेंट-काँक्रीट दर चौरस मीटरास सुमारें १२० किलो भरतें. त्यावर अडीच सेंटिमीटर दगडी फरशी घातल्यास आणखी साठ-पासष्ट किलो. राहत्या खोलीसाठीं धरलेला जवळ जवळ सगळा भार केवळ सपाटीसाठीं खर्चीं पडला, आणि तोही जेथें तुळई सर्वांत अधिक वांकली आहे नेमका तेथेंच. सपाटी व मजबुती या निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठीं दुसरीचा बळी देऊं नये.

योग्य उपाय कारणानुसार बदलतो. निरोगी तुळई नुसती वांकली असेल, तर तिला सरळ करण्याचा हट्ट धरूं नये. मातीचा थर उतरवावा, तक्ते खुणा करून उचलावे, कड्यांच्या माथ्यावर दोरीनें पातळी ठरवून निमुळत्या सागवानी पट्ट्या बसवाव्या, आणि त्यांवर तेच तक्ते पुन्हा घालावे. जमीन सपाट होते आणि भार उलट कमी होतो. टोंक कुजलें असल्यास निरोगी भागापर्यंत कापून नवा तुकडा लांब तिरक्या सांध्यानें व बोल्टांनीं जोडावा, किंवा दोन्ही अंगांस पोलादी पट्ट्या घालाव्या. नवें टोंक दगडी बैठकीवर ठेवून भोंवतीं हवा खेळण्यास जागा सोडावी. तळखडा बसला असल्यास आधीं पाण्याची वाट बंद करून मगच खांबाखालीं नवी बैठक द्यावी.

जेथें उचलणें अपरिहार्य असेल तेथें टेकू भक्कम जमिनीवर, जाड फळीवर, ओळंब्यांत उभे करावे, आणि जॅकनें एका दिवसांत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, याहून अधिक उचलूं नये. जी इमारत शंभर वर्षांत तीन इंच खालीं आली तिला एका दुपारीं तीन इंच वर नेल्यास सांधे निखळतात व भिंती फुटतात. उचलतांना आवाज झाला किंवा नवी चीर दिसली तर थांबावें. चिरलेली तुळई, दोन मजल्यांचा भार किंवा मातीच्या विटांची भिंत असल्यास जाणत्या स्थापत्यविशारदास दाखविल्यावांचून कांहींच करूं नये. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत धरण फुटून पुण्यांत आलेल्या पुरांत नदीकांठच्या पेठांतील अनेक जुनीं घरें ढासळलीं. भिजलेल्या मातीच्या भिंतीवर विसंबणें किती घातक आहे हें त्या वेळीं दिसलें.

शेवटीं दप्तराविषयीं. काम सुरू होण्यापूर्वीं खोलीचा नकाशा काढून प्रत्येक रुमालाची जागा त्यांत दाखवावी, रुमालास क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, आणि गांठ न सोडतां तो हलवावा. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं होता हाही पुरावाच आहे. तो एकदां मोडला कीं परत येत नाहीं. तक्त्यांखालून निघालेली माती गाळून मगच टाकावी, कारण फटींतून पडलेलें नाणें किंवा कागदाचा कपटा तींत असूं शकतो. तुळयांवरील अक्षरें, सुतारांच्या खुणा व जुने सांधे यांचीं छायाचित्रें घ्यावीं. कापलेलें टोंक जळणास देऊं नये. सागास वार्षिक वलयें असतात आणि त्यांच्या मोजणीचा उपयोग पुढील अभ्यासकांस होईल. नव्या तुकड्यावर दुरुस्तीचें साल कोरावें, म्हणजे पुढें कोणी तो मूळचा समजून फसणार नाहीं.

घर आणि दप्तर हीं एकाच घराण्याचीं साधनें आहेत. माडी पडली तर कागद जातात, आणि कागदांच्या भारानें माडीही पडूं शकते. आपल्या संग्रहाखालची तुळई प्रत्येक वाचकानें येत्या पावसाळ्यापूर्वीं एकदां दोरी लावून मोजावी, आणि तो आंकडा तारखेसह संग्रहाच्या यादींतच लिहून ठेवावा, एवढी आमची विनंती आहे.