जुन्या चामडी सीटची पारख

सायकलीच्या बैठकीला मराठीत सर्रास ‘सीट’ म्हणतात, आणि आज वापरात असलेल्या बहुतेक सीट प्लास्टिकच्या पाट्यावर फोम बसवून व त्यावर रेक्झिन ताणून तयार केलेल्या असतात. चामड्याच्या जुन्या सीटची रचना मुळातच निराळी असून, ती समजून घेतल्याशिवाय एखादी वापरलेली सीट जपावी की टाकावी याचा निर्णय नीट करता येत नाही. या सीटमध्ये चामड्याखाली गादी नसते आणि फळीही नसते. पुढच्या निमुळत्या टोकाशी व मागच्या रुंद पोलादी पट्टीशी रिव्हेट ठोकून बसवलेला जाड चामड्याचा एकच तुकडा मधल्या मोकळ्या जागेवर झोळीसारखा ताणलेला असतो, आणि स्वाराचे सगळे वजन हा ताणच पेलतो. म्हणून या सीटची पारख तिच्या रंगावरून किंवा चकाकीवरून न करता, चामड्यात ताण पेलण्याची ताकद किती उरली आहे यावरून करावी लागते.

ही रचना एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रूढ झाली. जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनी १८६६ मध्ये बर्मिंगहॅम येथे घोड्यांचा साज व इतर चामडी वस्तू बनवण्याचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे १८८२ मध्ये सायकलीच्या सीटचे पेटंट घेतले. त्यांच्या कंपनीची ‘बी-१७’ ही सीट त्याच शतकाच्या अखेरीस बाजारात आली आणि ती आजही बनते. भारतात आधी रॅले, हर्क्युलिस, फिलिप्स अशा सायकली इंग्लंडहून येत, आणि १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन झाल्यानंतर हर्क्युलिस येथेच तयार होऊ लागली. त्या काळच्या उंच काळ्या सायकलींवर मागे जाड स्प्रिंगा असलेली चामडी सीट नेहमी दिसे, आणि पुण्यासारख्या एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या गावात घराच्या माळ्यावर किंवा जुन्या बाजारात अशी सीट अजूनही हाती लागते.

या सीटचे चामडे वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले असते. कातडे कमावणे म्हणजे त्यातील कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू कुजणार नाहीत अशा रीतीने पक्के करणे. हे काम झाडांच्या साली, फळे व पाने यांतील टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याने करता येते, किंवा क्रोमियमच्या क्षारांनी. क्रोमियमच्या पद्धतीचे व्यवहारोपयोगी पेटंट ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत १८८४ मध्ये घेतले, आणि लवकर तयार होणारे, मऊ व लवचीक चामडे देणारी ही पद्धत पुढे जगभर पसरली. परंतु सीटला मऊपणा नको असतो. ओलसर असताना दाबून दिलेला आकार सुकल्यावर धरून ठेवणारे, ताठ आणि तरीही वापराने हळूहळू अंगाला जुळत जाणारे चामडे हवे असते, आणि हा गुण वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या जाड चामड्यात असतो. महाराष्ट्रातील वाचकांना हे चामडे अनोळखी नाही, कारण २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचे चामडेही बाभळीची साल आणि हिरडा वापरून याच तत्त्वाने कमावले जाते.

वापरलेली सीट तपासताना ती सायकलीवरून उतरवून उलटी धरावी, कारण वरची बाजू पॉलिशने झाकता येते, पण खालची बाजू कोरी असल्याने चामड्याची खरी अवस्था तेथे कळते. खालचे तंतू घट्ट, किंचित केसाळ आणि सारख्या रंगाचे असतील तर चामडे शाबूत समजावे. बोट फिरवल्यावर तांबूस भुकटी हाताला लागत असेल, तर चामड्याचे तंतूच विघटित होऊ लागले आहेत असे ओळखावे. जुन्या ग्रंथांच्या चामडी बांधणीतही आढळणारा हा दोष हवेतील गंधकयुक्त प्रदूषणामुळे चामड्यात आम्ल वाढून उद्भवतो, आणि झालेली झीज कोणत्याही तेलाने वा मेणाने भरून येत नाही.

यानंतर रिव्हेटांकडे पाहावे, कारण सगळा ताण शेवटी त्यांच्याभोवतालच्या अरुंद पट्ट्यात एकवटतो. लोखंडी रिव्हेटाभोवती काळे कडे दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. पूर्वी ज्याप्रमाणे हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई बनवीत, त्याचप्रमाणे चामड्यातील टॅनिन आणि रिव्हेटातील लोह ओलाव्यात एकत्र येऊन हा डाग पडतो. तांब्याच्या रिव्हेटाच्या कडेला कधी हिरवट, मेणासारखा थर साचलेला दिसतो; तो तांबे आणि चामड्यातील स्निग्ध पदार्थ यांच्या संयोगातून तयार होतो आणि सुक्या कापडाने पुसून निघतो. मात्र रिव्हेटाचे भोक ओढले जाऊन लांबट झाले असेल, किंवा भोकापासून कडेपर्यंत चीर गेली असेल, तर तेथील चामडे हार मानू लागले आहे असे समजावे. वरच्या पृष्ठभागावरील बारीक सुरकुत्या ही वयाची खूण आहे. पण बाजूची कड हलकेच वाकवली असता भेग उघडून आतील तंतू दिसू लागले, तर ती भेग ताणाखाली वाढत जाणार हे निश्चित असते.

सीट मध्यभागी खोलगट होणे हा तपासाचा तिसरा मुद्दा होय. बसताना शरीराचा भार मुख्यतः श्रोणीच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येतो, आणि पुष्कळ वापरलेल्या सीटवर त्यांच्या जागी दोन उथळ खळगे पडतात; हे खळगे सीट मुरल्याचे लक्षण असून, नवा स्वार त्यांच्याशी जुळवून घेऊ शकतो आणि कालांतराने चामडेही त्याच्याशी काही अंशी जुळवून घेते. परंतु संपूर्ण सीटच झोपाळ्यासारखी खाली गेली असेल आणि मधला भाग लोखंडी सांगाड्याला टेकू लागला असेल, तर तिचा ताण गेलेला असतो. पुढच्या टोकाखालील बोल्ट पान्याने फिरवून ताण वाढवता येतो, पण तो एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, कारण जास्त ओढल्यास टोकाजवळची रिव्हेटची भोके फाटतात. बोल्ट पुरेसा फिरवूनही ताण येत नसेल, तर बाजूच्या दोन्ही कडांना भोके पाडून त्या सीटखालून दोरीने एकमेकींकडे ओढून बांधण्याचा उपाय आहे, आणि बाहेर पसरलेल्या कडा त्याने चांगल्या सावरतात. सांगाड्याच्या दांड्यांना तडा गेलेला नाही, स्प्रिंगा तुटलेल्या नाहीत आणि बोल्ट गंजून जखडलेला नाही, हेही याच वेळी पाहावे.

सीट ठेवण्याचे ठरल्यावर सर्वांत मोठा धोका दुर्लक्षाइतकाच अतिकाळजीचाही असतो. वहाणांना तेल पाजण्याची जुनी सवय येथे उपयोगाची नाही, कारण वहाणेचे चामडे जमिनीवर टेकलेले असते, तर सीटचे चामडे अधांतरी ताणलेले असते. तेलात भिजून तंतू एकमेकांवरून सरकू लागले की सीट कायमची सैल पडते. शिवाय स्वयंपाकातील तेले काळानुसार खवट व चिकट होतात आणि त्यावर धूळ धरते. त्याऐवजी चरबी आणि मेण यांचे मिश्रण असलेला, अशा सीटसाठीच बनवलेला मलम वरच्या बाजूला पातळ लावून काही तास मुरू द्यावा आणि मऊ कापडाने घासून जास्तीचा पुसून टाकावा. वर्षातून दोन-तीन वेळा एवढे पुरते. खूप कोरड्या पडलेल्या सीटला खालूनही एकदा पातळ हात देण्यास हरकत नसते.

महाराष्ट्रात व गोव्यात, आणि विशेषतः कोकणात, या सीटची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. भिजलेले चामडे नरम पडून लवकर ताणले जाते, म्हणून ओल्या सीटवर बसणे शक्यतो टाळावे आणि ती उन्हात किंवा चुलीजवळ न सुकवता सावलीत, वाऱ्याला ठेवून सुकवावी. उष्णतेने ओले चामडे आकसते आणि कडक होऊन तडकते. वरून आच्छादन घालणे पुरेसे नसते, कारण चाकाने उडवलेले पाणी खालच्या कोऱ्या बाजूला लागते, आणि म्हणून मागचा मडगार्ड वरच्या आच्छादनाइतकाच महत्त्वाचा ठरतो. सायकल उभीच राहणार असेल तर सीट काढून सुती कापडात गुंडाळून हवेशीर जागी ठेवावी; प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो आणि बुरशी धरते. वरवरची पांढरी बुरशी घराबाहेर नेऊन सुक्या कापडाने पुसली आणि सीट नीट वाळवली, तर चामड्याचे फारसे बिघडत नाही.

या सगळ्याचा निष्कर्ष सरळ आहे. डाग, ओरखडे, फिकटलेला रंग, उथळ खळगे आणि थोडा सैलपणा एवढेच दोष असतील, तर ती सीट जपावी, कारण मुरलेल्या चामड्याची बैठक नव्या सीटला काहीशे किलोमीटर चालवल्याखेरीज येत नाही. तंतूंची भुकटी होत असेल, आरपार भेग गेली असेल किंवा रिव्हेटाची भोके फाटली असतील, तर अशा सीटवर बसून रस्त्यावर जाऊ नये. सांगाडा चांगला असल्यास चामड्याच्या कारागिराकडून त्यावर वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले नवे जाड चामडे चढवून घ्यावे. ज्यांच्या घरी माळ्यावर अशी जुनी सीट पडून आहे, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी एकदा उजेडात आणून उलटी करून पाहावी.