व्यायामाची मात्रा कोण लिहिणार?

मेदोरोगाच्या रुग्णास गुग्गुळाच्या गोळ्या किती, केव्हा व कोणत्या अनुपानाबरोबर घ्यावयाच्या, हे आम्ही काटेकोरपणे लिहून देतो. त्याच कागदाच्या तळाशी ‘व्यायाम करावा’ एवढे दोनच शब्द असतात. त्यांना ना मात्रा, ना काल. महिन्याने रुग्ण परत येतो तेव्हा गोळ्या संपलेल्या असतात आणि व्यायाम सुरूच झालेला नसतो. मग आम्ही त्याच्या आळसाला बोल लावतो. हा दोष एकट्या रुग्णाचा मानावा काय?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात व्यायामाचे गुण वर्णिले आहेत. त्याच अध्यायात, थोड्याच अंतरावर, पादांशिक क्रमही सांगितला आहे. अहितकर सवय एकदम सोडू नये, हितकर सवयही एकदम अंगी लादू नये. दोन्ही बदल अंशाअंशाने करावेत. तंबाखू सोडविताना आम्हांस हा क्रम आठवतो. व्यायाम धरविताना मात्र त्याचा विसर पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायुबल वाढविणारा व्यायाम सुचविला. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या गृहस्थास हा आकडा ऐकवला, तर तो मान डोलावतो व विसरतो. त्याऐवजी रोजच्या तीस मिनिटांचे चार भाग करावेत. पहिल्या आठवड्यात रात्री दुकान बंद केल्यावर केवळ सात-आठ मिनिटे चालणे. ते अंगवळणी पडले की दुसरा पाद. आरंभ इतका सोपा असावा की, नकार देण्यास रुग्णाला कारणच सापडू नये.

मात्रेचे माप म्हणजे अर्धशक्ती. कपाळ, नाक व काखेत घाम येऊ लागला, तोंडाला कोरड पडू लागली की थांबावे, ही खूण रुग्णास समजावून द्यावी. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यासही वाग्भटांनी शीतकाल व वसंतातच अर्धशक्तीची मुभा दिली आहे. इतर ऋतूंत त्याहून कमी. अजीर्ण असताना व्यायाम वर्ज्य. चालताना छातीत दुखणाऱ्या रुग्णाची आधी हृदयतपासणी व्हावी. इन्सुलिन घेणाऱ्यास साखर एकदम उतरण्याची लक्षणे सांगून ठेवावीत.

भीती दाखवून आरंभ होतो, सातत्य राहत नाही. वजनाचा काटा हलण्यापूर्वी झोप, भूक व शरीराचे लाघव यांत बहुधा फरक जाणवू लागतो. पुढील भेटीत प्रथम याचीच विचारणा करावी. ज्याची विचारपूस होते, तेच रुग्ण महत्त्वाचे मानतो.

औषधालयाच्या चालकांचे साहाय्य येथे मोलाचे आहे. तोच ग्राहक दर महिन्यास त्यांच्यासमोर उभा राहतो. पुडके बांधताना ‘चालणे कितपत आले?’ एवढा प्रश्न विचारण्यास खर्च नाही. यामुळे एखाद्या औषधाची मागणी कदाचित घटेलही. ती घट आम्ही आनंदाने सोसली पाहिजे; अन्यथा स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आमच्या शास्त्राचे पहिले प्रयोजन केवळ पाटीपुरते उरेल.

आणि एक प्रश्न स्वतःलाही. चिकित्सालयातील खुर्चीवरून आज आम्ही किती वेळा उठलो?