वस्तऱ्याचें पाणी

जुन्या घराची आवराआवर करितांना आजोबांच्या पेटींत, पंचांगांच्या गठ्ठ्याखालीं, क्वचित् एखादा वस्तरा हातीं लागतो. मूठ शिंगाची, पातें काळवंडलेलें आणि त्यावर पुसट झालेलें शेफील्डचें नांव. आमच्या घरीं असा एक निघाला, तेव्हां आमचे चिरंजीव त्यास मोडींत घालावयास निघाले. कारण त्यांनीं त्याच आठवड्यांत आरशासारखा लखलखीत नवा वस्तरा हौसेनें खरेदी केला होता. या दोहोंत पोलाद कोणतें सरस, असा प्रश्न त्यावरून निघाला. त्या निमित्तानें जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पोलाद म्हणजे लोखंडांत मुरलेला अल्पसा कार्बन. वस्तऱ्याच्या पोलादांत तो शेंकडा १ किंवा त्याहून किंचित् अधिक असतो. परंतु केवळ घटकांनीं धार येत नाहीं. पातें सुमारें ८०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून एकदम थंड केलें म्हणजे तें कांचेसारखें कठीण, पण तितकेंच ठिसूळ होतें. मग त्यावर वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग येईपर्यंत पुन्हां हलकें तापवून तो ठिसूळपणा उतरवितात. यासच आपले लोहार पाणी देणें म्हणतात. पाणी उणें पडलें तर धार वळते. अधिक झालें तर तिचे टवके उडतात. एकाच पोलादाचे दोन वस्तरे, एक उत्तम व एक टाकाऊ, कां निघतात याचें मर्म बहुधा येथेंच असतें.

शेफील्डचा लौकिक खोटा नाहीं. तेथें बेंजामिन हंट्समन यानें १७४० च्या सुमारास मुशींत पोलाद वितळविण्याची युक्ति काढली व त्यामुळें तें एकजीव होऊं लागलें. लोखंड मात्र स्वीडनचें घेत, कारण त्यांत फॉस्फरस अत्यल्प. पण मुशींतील पोलाद आपल्या दक्षिण हिंदुस्थानांत त्यापूर्वीं कित्येक शतकें तयार होत होतें! १७९४ मध्यें मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे धाडिले, आणि जेम्स स्टोडार्ट या कारागिरानें त्यापासून चाकूचें पातें घडविलें. याच स्टोडार्टनें पुढें मायकेल फॅरडे याच्यासह प्रयोग करून १८२० मध्यें असें दाखविलें कीं, पोलादांत रुपें पांचशांत एक भाग इतकेंच नीट मिसळतें. तेव्हांपासून ‘रुपेरी पोलाद’ या छापाचे वस्तरे पुष्कळ खपले. आज त्या नांवानें मिळणाऱ्या पोलादांत तर रुपें मुळींच नसतें. नांव केवळ चकाकीवरून पडलें आहे.

जर्मनींतील सोलिंगेन या नांवास १९३८ पासून कायद्याचें संरक्षण आहे. पण छाप गांव सांगतो. हातांतल्या पात्यास पाणी कसें बसलें, हें सांगत नाहीं. न गंजणाऱ्या पोलादाचेंहि तसेंच. हॅरी ब्रिअर्ली यानें शेफील्ड येथें १९१३ मध्यें तें केलें. त्यांत शेंकडा सुमारें १३ भाग क्रोमियम असतें. कोंकणच्या पावसाळ्यांत त्याची सोय खरी. मात्र त्यांतील कठीण कण भरड राहिले तर धार हवी तितकी बारीक होत नाहीं. कण बारीक असतील तर तेंहि उत्तम.

पारख करितांना पातें सपाट कांचेवर ठेवून तें पिळलेलें नाहीं ना, हें प्रथम पाहावें. मग भिंगांतून धार न्याहाळावी. पाठीवरचे डाग चालतील. धारेशीं गंजाचे खड्डे नकोत. धारेलगत निळी झांक दिसली तर घांसतांना पातें तापून पाणी उतरलें आहे असें समजावें. कित्येक जण नखानें टिचकी मारून नाद ऐकतात. परंतु तो नाद पात्याच्या पातळपणाचा, पोलादाच्या कसाचा नव्हे. खरी परीक्षा निसण्यावर व त्यानंतर गालावर.

आमचे दोन्ही वस्तरे आम्हीं एका वृद्ध न्हाव्यापुढें ठेविले. त्यानें छाप वाचलाच नाहीं. दोन्हीं पातीं निसण्यावर पाजविलीं, चामड्याच्या पट्ट्यावर फिरविलीं आणि म्हणाला, “आतां दाढी करून बघा, साहेब.” नव्याची धार तिसऱ्याच दाढीस वळली. जुना वस्तरा महिना झाला तरी नुसत्या पट्ट्यावर काम देत आहे.

यावरून जुनें तें सारें चांगलें, असें कोणीं समजूं नये; गंजानें खाल्लेला वस्तरा आजोबांचा असला तरी निरुपयोगीच. सांगणें इतकेंच कीं, मोडींत घालण्यापूर्वीं एकदां जाणत्या हातीं द्यावा, आणि ठेविल्यास दर वेळीं कोरडा पुसून तेलाचें बोट फिरवावें. चिरंजीवांनीं तो आतां आपल्या कपाटांत ठेविला आहे. मागितला तर देत नाहींत!