स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा आणि राज्याचें कर्तव्य

मराठींत ‘म्हातारचळ’ हा शब्द आहे. मल्याळींत पोरकटपणा सुचविणारा ‘चिन्नन्’ हा शब्द आहे. दोहोंत रोगाचा पत्ता नाहीं, वयाकडे बोट दाखवून मोकळें होण्याची सोय मात्र आहे. वस्तुतः स्मृतिभ्रंश, ज्यास डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, हा मेंदूच्या निरनिराळ्या विकारांतून उद्भवतो आणि त्यांत स्मरण, विचार व नित्याचे व्यवहार क्रमाक्रमानें ढासळत जातात. उतारवयांत तो अधिक आढळतो खरा. पण तो वार्धक्याचा अटळ भाग नव्हे. ‘साठी बुद्धी नाठी’ असें म्हणून घरचीं माणसें स्वस्थ बसतात, रोगी डॉक्टरपर्यंत पोहोंचत नाहीं, आणि राज्याच्या कर्तव्याचा आरंभ येथूनच होतो.

2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत साठ व त्यावरील वयाच्या भारतीयांत या रोगाचें प्रमाण शेंकडा 7.4, म्हणजे सुमारें 88 लाख माणसें, असें आढळलें. पुरुषांपेक्षां स्त्रियांत आणि शहरांपेक्षां खेड्यांत तें अधिक आहे. तज्ज्ञ मात्र शहरांत राहतात. तेव्हां केवळ मोठीं इस्पितळें व तज्ज्ञ यांवर उभारलेलें धोरण कागदावर कितीहि भव्य दिसलें, तरी बहुसंख्य रोग्यांच्या उंबरठ्यापर्यंत तें जाणार नाहीं.

भारतांत या प्रश्नाचा नेटानें विचार झाला तो केरळांत. तेथें 1992 सालीं अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ही संस्था निघाली. पुढें कांहीं संशोधकांनीं अंगणवाडीच्या सेविकांना अल्पसें शिक्षण देऊन आपापल्या वस्तींतील संशयित रोगी हुडकावयास सांगितलें. सेविकांनीं 51 जण दाखविले. तज्ज्ञांच्या तपासणींत त्यांपैकीं 33 जणांस खरोखरीच स्मृतिभ्रंश असल्याचें ठरलें. तिनांमागें एक नांव चुकलें, पण फेरतपासणी तज्ज्ञच करणार असल्यामुळें त्या चुकीचें फारसें भय नाहीं. घराघराची खडान्‌खडा माहिती असलेल्या या बाईंहून जवळचा शोधक सरकारला मिळावयाचा नाहीं.

2014 सालीं केरळ सरकारच्या सामाजिक न्याय खात्यानें याच संस्थेच्या साह्यानें स्मृतिभ्रंशाविषयीं राज्याचा स्वतंत्र उपक्रम सुरू केला. त्यांतून त्रिचूर येथें दिवसाचें शुश्रूषाकेंद्र व एर्नाकुलम जिल्ह्यांतील एडवनक्काड येथें निवासाचें केंद्र, अशी सोय झाली. उपक्रम स्तुत्यच, परंतु तीन कोटींहून अधिक वस्तीच्या राज्यांत अशा केंद्रांत मावणार किती? उरलेले सारे घरींच राहतात, आणि त्यांचा भार बहुधा पत्नीवर, सुनेवर किंवा मुलीवर पडतो. रोगी रात्रीं उठून दार उघडूं लागला कीं त्या बाईची झोप संपते. तिचा विचार न करणारें धोरण अर्धेंच म्हटलें पाहिजे.

हा विचार गोव्यांत प्रत्यक्ष प्रयोगानें पारखला गेला. 81 कुटुंबांवरील या प्रयोगाचे निष्कर्ष 2008 सालीं प्रसिद्ध झाले. घरोघर जाणारे सल्लागार स्थानिकच होते; ते डॉक्टर नव्हते, पण मनोविकारतज्ज्ञाची त्यांच्यावर देखरेख होती. हा काय रोग आहे, रोगी तोच प्रश्न पुनःपुन्हां कां विचारतो, त्याला स्नान कसें घालावें, तो चिडला तर वाद कसा टाळावा, सरकारी योजनांचा लाभ कसा मिळवावा, अशा साध्या गोष्टी ते समजावून देत आणि गरज पडल्यास डॉक्टरकडे पाठवीत. सहा महिन्यांनंतर शुश्रूषा करणाऱ्यांचा मनस्ताप स्पष्टपणें हलका झाला. रोग्यांच्या कार्यशक्तींत तसा ठळक फरक दिसला नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे. या भेटी म्हणजे रोगावरील औषध नव्हे.

असा सल्लागार वर्षानुवर्षें येत राहावयाचा तर त्याला वेतन हवें, आणि तें देणग्यांवर सोपवून चालणार नाहीं. केरळांत 2008 च्या वेदनाशामक शुश्रूषेच्या धोरणानें अंथरुणास खिळलेल्यांच्या घरीं परिचारिका धाडण्याचें काम पंचायतींच्या द्वारें उभें केलें. स्मृतिभ्रंशाकरितां निराळी यंत्रणा न थाटतां तिलाच हें शिक्षण देतां येईल. तेथेंच ‘आश्वासकिरणम्’ योजनेंतून अशा रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना मासिक साह्यहि मिळूं लागलें. ती रक्कम पुढें 600 रुपये झाली. पण मजुरी सोडून घरीं बसलेल्या बाईची महिन्याची मिळकत लक्षांत घेतां तिला साह्य म्हणण्यास जीभ अडखळते.

कायद्याचीहि एक अडचण आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें प्रत्येकास आपल्या उपचारांविषयीं पूर्वनिर्देश लिहून ठेवतां येतो व आपला प्रतिनिधि नेमतां येतो. परंतु हें सारें समज शाबूत असेपर्यंतच. शिवाय या प्रतिनिधीचा अधिकार उपचारांपुरताच, पैशाअडक्यावर नाहीं. आणि साधें मुखत्यारपत्र 1872 च्या करार कायद्याप्रमाणें देणाऱ्याची बुद्धि भ्रष्ट होतांच संपुष्टांत येतें. म्हणजे ज्या दिवशीं कागदाची गरज लागते, त्याच दिवशीं तो निरुपयोगी ठरतो. हे कायदे बदलणें एकट्या राज्याच्या हातीं नाहीं. निदान झाल्याबरोबर, रोग्याला स्वतःची सही ओळखतां येत आहे तोंवर, ही गोष्ट घरच्यांच्या कानीं घालण्याचें काम मात्र पहिल्याच भेटींत त्या सल्लागाराकडून करवून घेतां येईल.